मुकादमाशी भांडणाचं पान

आई संकरित बियाण्याच्या प्लॉटवर रोजानं कपाशीच्या कळ्या सोलायची. तिच्या बोटांच्या जोरावर मी घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो आणि पहिली कथा तिच्यावरच लिहिली. जालन्यातल्या एका दिवाळी अंकानं ती घेतली. छपाईच्या दिवशी संपादकांनी प्रेसमध्ये बोलावलं.

"ऐनवेळी जाहिरात आली. आईचं मुकादमाशी भांडण आहे ते पान काढा."

"सर, तीच तर कथा आहे."

"मंग कथाच काढू का? मशीन थांबलंय, जल्दी बोला."

मी कथेची पानं पुढ्यात ओढली. पहिलं पान माझं सगळ्यात लाडकं. त्यात नुसता सूर्योदय होता. मी त्यावर आडवी रेघ मारली.

"हे काढा. भांडणापासूनच सुरू करा."

कथा छापून आली, आईच्या भांडणासकट.