सपाट बाजू

दोन निमुळत्या होड्या दांड्यांनी जोडलेली शर्यतीची कॅटामरान वाळूवर उलटी पडली आहे, आणि तिच्यावर मीच चढवलेला फायबरचा थर मी सकाळपासून पॉलिश पेपरने घासून काढतो आहे. चीड येते.

डॉक्टरीणबाईंनी ती फुटली म्हणून दुरुस्तीला दिली. बघतो तर दोन्ही होड्यांची एकमेकींकडची बाजू फुगीर, बाहेरची सपाट. साचा काढणाऱ्याने घाई केली असणार, असं मी धरून चाललो. माझ्या हातून अशी लंगडी होडी कधी पाण्यात उतरली नाही. भोक बुजवता बुजवता बाहेरची बाजूही छान गोल करून टाकली.

बाई आल्या आणि हात फिरवून बघतच राहिल्या. "काका, हे काय केलंत? या जातीच्या सगळ्या होड्या एकसारख्या लागतात. मला शर्यतीत घेणार नाहीत."

"वाकडी होती, सरळ केली."

"वाकडी नव्हती हो. त्या सपाट बाजूमुळेच ती वाऱ्याने आडवी सरकत नाही, म्हणून तळाखाली पाण्यात उतरणारा कणा लागत नाही. ही जात पहिल्यांदा काढणाऱ्याला दोघांना वाळूवरून ओढता येईल अशी होडी हवी होती."

वाळूवरून होड्या ओढण्यात माझा जन्म गेला. कणा रुतला की शिव्या घातल्या, पण त्याच्याशिवाय होडी करावी हे सुचलं नाही. कुठल्या परक्या किनाऱ्यावरच्या माणसाला ते सुचलं, आणि माझ्या दारात आलं तेव्हा मी ते चूक समजून बुजवलं.

"घासायला क्लबातला माणूस देते," बाई म्हणाल्या. मी नको म्हटलं. शर्यत रविवारी आहे, आणि ती बाजू कुठवर सपाट होती हे आता फक्त माझ्या तळहाताला ठाऊक आहे.