बोटाखालचं अक्षर

आमच्या दादाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं, आणि त्याचे त्याला पैसेही मिळायचे. शाळेच्या पुस्तकांचा तो मुद्रितशोधक. दुकानाच्या पाटीवर चुकीची वेलांटी दिसली की हा आत जाऊन सांगणार, आणि वहिनी लाजेने रस्त्याच्या पलीकडे उभी. शब्दाची शंका आली की शब्दकोश पाहिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

आजार आधी करंगळीत आला. बोट दिलं की मनगट धरणाराच निघाला मेला. पाय गेले, डावा हात मांडीवर पडून राहिला, उजव्या हाताची दोन-तीन बोटं तेवढी उरली. मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसते, म्हणून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी त्याला शॉर्टकट करून दिले. वरच्या पट्टीत 'श' टाइप करायचा, जागा सोडून हवा तो शब्द लिहायचा, की शब्दकोशाचं नेमकं पान उघडतं. 'व' टाकला की व्याकरण, 'न' टाकला की नकाशे. दादा लहान मुलासारखा हरखला.

"अगं, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू आधी कधी माझं ऐकलंस?"

पुढे 'श'पर्यंत बोट जाईना. मग मी शब्दकोश 'क'वर आणला. नकाशे काढले, व्याकरण काढलं. शेवटी एकच तर्जनी उरली आणि तिच्याखालची एकच कळ. बाकीची अक्षरं तो घाम गाळून गाठायचा, पण सुरुवात तरी विनात्रास व्हायची.

वहिनी घरीच शिवणकाम करते. दादाला उचलून उचलून तिच्या कमरेने दगा दिला. एकदा दोघंही बाथरूमच्या दारात पडली आणि शेजारी येईपर्यंत तशीच पडून राहिली. त्यानंतर मी गेले तेव्हा वहिनी बाहेर गेली होती. दादा म्हणाला, "'क'वरून शब्दकोश काढ. आजारी माणसांना ठेवून घेणाऱ्या घरांची एक साइट आहे. गावाचं नाव टाकलं की रिकाम्या खाटा दाखवते. ती लाव."

"आणि तुझं काम?"

"काम गेलं खड्ड्यात."

मी भांडले, रडले. पण तो हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. लावून दिली.

वहिनीला लगेच कळलं. मला करताना तिने इतक्यांदा पाहिलं होतं की 'क'वर शब्दकोश तिनेच परत बसवला. फोनवर मला म्हणाली, "त्यांना घरातून काढायचं असेल तर आधी मला काढा." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने त्या साइटचा पूर्ण पत्ता टाइप करायला घेतला. तर्जनी दमली तेव्हा टेबलावर वाकून पेन्सिल दातांत धरली. वहिनी मशीनवर होती. टकटक ऐकून तिला वाटलं, चला, काम सुरू झालं. चहा घेऊन आली तर कीबोर्ड लाळेने ओला, हनुवटी ओली, आणि पडद्यावर कुठल्यातरी गावातल्या रिकाम्या खाटा.

तिने मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा ती एकेक कळ पुसत होती.

"लाव बाई ते पुन्हा," ती म्हणाली.

मी लावलं. दादाने आधी शोधलेली गावंही पट्टीखाली दिसू लागली. वहिनीने ती एकेक करून वाचली.

"अहो, ही सगळी इतकी लांब? जवळपास काहीच नाही?"

"असेल."

"मग मी रोज येऊ कशी?"

"म्हणूनच," दादा म्हणाला.

वहिनीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. 'क' दाबला आणि एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, आपल्याच गावाचं नाव लिहिलं. पान उघडलं. एकही खाट रिकामी नव्हती. तिने तेच नाव पुन्हा लिहिलं.