जमिनीवरचे छप्परवाले

छप्परवाले माझ्या दुकानात आले तेव्हा मी एका गृहस्थांचा पासपोर्टचा फोटो काढत होतो, आणि ते गृहस्थ काही केल्या हनुवटी खाली घेत नव्हते. छप्परवाल्यांनी मागून हात घालून ती हनुवटी स्वतःच खाली केली.

"काढा आता. आणि मग मला एक कॅमेरा दाखवा. लांबचं जवळ दाखवणारा. पण खिशाला भोक न पाडणारा."

गल्लीत त्यांना छप्परवाले म्हणत, कारण चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. कौलं बदलायची, पत्रे ठोकायचे, पन्हळी साफ करायच्या. दुपारचा डबासुद्धा ते आढ्यावर बसूनच खायचे आणि वरून खालच्या माणसांशी गप्पा मारायचे. छप्पर कुठे गळतंय हे शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "पाणी टपकतं तिथे गळत नसतं," असं ते म्हणत. "पाणी म्हणजे नातेवाईक. शिरतं एका दारानं, पसरतं दुसऱ्याच खोलीत."

या चाळीस वर्षांत ते एकदाही छपरावरून पडले नाहीत. पडले ते घरातल्या स्टुलावरून, दिवा बदलताना. स्टूल गुडघ्याएवढं. मनगट मोडलं, दीड महिन्यात सांधलंही. पण त्यानंतर पहिल्यांदा कामावर गेले, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि तो पाय पुढे हलेचना. शिडीला घट्ट मिठी मारून ते बराच वेळ उभे राहिले, मग हळूच उतरले आणि घरमालकाला म्हणाले, "गुडघा कुरकुरतोय."

तेव्हापासून गुडघ्याचं निमित्त सुरू झालं. गुडघ्याला काहीही झालेलं नाही, हे डॉक्टरांनी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगितलं होतं. वहिनींनी ते फक्त मला सांगितलं होतं. मी फक्त दोघातिघांना सांगितलं. थोडक्यात, सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोणाला माहीत नाही असं वाटत होतं ते एकट्या छप्परवाल्यांना.

तर मी कपाटातून साठपट झूमवाला कॅमेरा काढला. दिसायला रुबाबदार, किमतीनं गरीब.

"गुण आधी सांगू की दोष?"

"दोष सांगा. गुण माझे मी शोधीन."

"अंधारात हा आंधळा. घरात दिव्याखाली फोटो काढलात तर माणसांच्या तोंडावर मूठभर वाळू फेकल्यासारखं दिसतं. बटण दाबलं की लगेच फोटो काढत नाही, आधी विचार करतो. तोवर समोरचा जांभई देऊन मोकळा. झूम पूर्ण लांबवलात की नुसता श्वास घेतला तरी चित्र गावभर हिंडून येतं. आणि चार सेल लागतात ते बकाबका खातो. सेल मात्र कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळतात."

"आणि एवढं असून विकता?"

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि लांबच्या चार मजली इमारतीकडे बोट केलं. त्यांनी झूमचा खटका दाबला. कासवानं मान काढावी तशी त्या कॅमेऱ्यानं मान बाहेर काढली. छप्परवाले पडद्यावर वाकले. म्हणाले, "गच्चीवरचा नळ गळतोय. वॉशर गेलाय."

"मोठ्या कॅमेऱ्याला एवढं लांबचं भिंग लावायचं तर उचलायला दोन माणसं लागतील," मी म्हणालो. "आणि विकत घ्यायला राहतं घर काढावं लागेल."

कॅमेरा त्यांनी तसाच गळ्यात अडकवला. खोकंसुद्धा नेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून छप्परवाले जमिनीवरून छपरं बघू लागले. पहिल्याच आठवड्यात मार खाता खाता वाचले. एका दुमजली घरासमोर उभे राहून आढ्यावर कॅमेरा रोखून होते, आणि त्याच्या बरोब्बर खाली खिडकीत एक बाई केस विंचरत होत्या.

"लाज नाही वाटत?" बाई कडाडल्या.

"अहो बाई, मी तुमच्या वर बघतोय!"

"माझ्यावर? वर तोंड करून सांगताय?"

"तुमच्यावर नाही हो! तुमच्या वर! वर!"

पुढचं स्पष्टीकरण देण्याआधी प्लॅस्टिकचा मग आला. तो कपाळाला चाटून गेला, पण कॅमेरा वाचला. छप्परवाले तसेच जिना चढून गेले आणि बाईंना पडद्यावर त्यांच्याच आढ्याची तीन फुटकी कौलं दाखवली. बाईंनी आधी कौलं पाहिली, मग त्यांचं कपाळ पाहिलं, आणि बर्फ आणायला आत गेल्या. पाहणीचं काम छप्परवाल्यांनाच मिळालं.

घरात मात्र कॅमेऱ्याची शोभाच झाली. वहिनींच्या भावाचा निवृत्तीचा समारंभ होता. हॉल लांबलचक आणि दिवे मिणमिणते. फोटोची जबाबदारी छप्परवाल्यांनी आपणहून अंगावर घेतली. साहेब भावाला घड्याळ देत होते त्या क्षणाला त्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्यानं विचार केला. फोटोत आलं ते रिकामं टेबल आणि कडेला कुणाचा तरी एक कोपर. बाकीचे फोटो वहिनींनी माझ्याच दुकानात पाहिले.

"यात माझा भाऊ कुठाय?"

"हा काय. हा करडा ढग."

"आणि शेजारचा काळा ढग?"

"ती तू."

पुढचे चार दिवस छप्परवाल्यांचा डबा माझ्या दुकानातल्या बिस्किटांवर चालला.

पण उन्हात, मोकळ्यावर, त्या कॅमेऱ्याला तोड नव्हती. छप्परवाले फोटो काढत, माझ्याकडून छापून घेत आणि त्यावर लाल पेनानं खूण करत: 'डावीकडून सातवं कौल, खालची कड गेली.' घरमालक तो कागद घेऊन दुसऱ्या कामगाराला वर पाठवत. कामगार आठवं कौल बदलून येई. छप्परवाले खालून बघत आणि दातओठ खात. एकदा माझ्यासमोर बसून म्हणाले, "मी आता डॉक्टर झालोय हो. पण सुरी भलत्याच्याच हातात."

अशात वाचनालयाचं काम आलं. वाचायच्या खोलीत वर्तमानपत्रांच्या टेबलावर पाणी टपकत होतं. तीन कारागीर येऊन गेले, तरी पाणी काही थांबलं नव्हतं. लोक एका हातात पेपर आणि एका हातात छत्री घेऊन वाचत होते. ग्रंथपालबाईंनी शेवटी छप्परवाल्यांना बोलावलं.

ते भर दुपारी गेले आणि धावत माझ्याकडे आले. "अख्खं आढं सुटलंय! थरथरतंय नुसतं!"

मी फोटो पाहिले. "छप्पर नाही थरथरत. उन्हानं तापलेली हवा नाचतेय. एवढ्या लांबून ही हवासुद्धा साठपट होते. सकाळी जा."

सकाळी गेले. या वेळी फोटो स्वच्छ आला होता. मी तो दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावला. आढ्यावरचं एक कौल बोटभर उचललेलं होतं आणि त्याखालून काहीतरी डोकावत होतं: लाकडी मूठ, तिच्यावर लाल तार गुंडाळलेली.

छप्परवाल्यांचा चेहरा उतरला.

"थापी आहे," मी म्हणालो. "कोण्या गाढवानं चुना लावायची लोखंडी थापी आत विसरून वर कौल बसवलंय. ती गंजून फुगली आणि—"

"माझी आहे," छप्परवाले म्हणाले. "ती तार मी गुंडाळलीय. पाच वर्षांपूर्वी हरवली. मी पलीकडच्या गवंड्याला चारचौघांत चोर म्हटलं होतं."

दुसऱ्या कोणाला वर पाठवावं तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. स्वतः जावं तर गुडघा. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी जाते."

वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"तू?"

"मी नाही तर कोण? तीस वर्षं खालून शिडी धरली. वरून गल्ली कशी दिसते ते एकदा बघू तरी."

"अगं, तुला जमायचं नाही."

"स्टुलावरून पडण्याइतकं तरी जमेल."

छप्परवाल्यांनी डबा उघडला.

रविवारी वाचनालय बंद असतं. ग्रंथपालबाईंनी फाटक उघडून दिलं. वहिनी नवऱ्याची जुनी पँट घालून, कमरेला जाड दोर आणि पाठीवर नवं कौल नि चुन्याची पिशवी बांधून, शिडीच्या पायऱ्या अशा चढल्या की जणू माळ्यावरून डबा काढायचाय. दोराचं दुसरं टोक भिंतीच्या माथ्यावरच्या लोखंडी कडीत अडकवून त्या कौलांवर सरकल्या. शिडी मी धरली. छप्परवाले रस्त्यापलीकडे खांबाला टेकून उभे, एका हातात कॅमेरा, कानाशी खांद्यात दाबलेला फोन.

"डावीकडे!"

"माझं डावं की तुमचं?"

"एकच आहे! तुझी पाठ माझ्याकडे आहे!"

"थांबा, बघते," म्हणून वहिनींनी मागे वळून पाहिलं. "नाही हो, उलटं आहे!"

"तू वळलीस म्हणून उलटं झालं! तोंड फिरवू नकोस!"

"नवऱ्याशी बोलताना तोंड फिरवायचं नाही तर काय करायचं?"

रस्त्यावरून जाणारी दोनचार माणसं थांबली. वहिनी आढ्याजवळ पोचल्या. इतक्यात छप्परवाले ओरडले, "अगं, कुठे गेलीस? मला पान दिसतंय! झाडाचं पान! त्याच्या शिरा दिसतायत!" मधे एक फांदी हलली होती आणि कॅमेऱ्यानं वहिनींना सोडून पानाशी सलगी केली होती. त्यांनी खटके दाबले, कॅमेरा मान आतबाहेर करू लागला, आणि या सगळ्या दगदगीत सेल संपले. पडदा काळा झाला.

फोनवरही काही ऐकू येईना. वहिनींनी दोन्ही हात मोकळे करायला तो खिशात टाकला होता. आणि त्याच वेळी वरून एक कौल घरंगळत आलं, पन्हळीवर आपटलं आणि अंगणात त्याचे तुकडे झाले.

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण छप्परवाल्यांचा बूट माझ्या बोटांवर होता. मी बोटं सोडवून "अहो, गुडघा!" म्हणेपर्यंत ते अकराव्या पायरीवर होते. नंतर नुसते तळवे दिसले, आणि मग तेही नाहीत.

वर वहिनी आढ्यावर ऐसपैस बसल्या होत्या, हातात थापी.

"तुम्ही कशाला आलात? कौल मीच टाकलं. फुटकं होतं."

छप्परवाल्यांनी "बरं" म्हटलं, खाली पाहिलं, आणि आढ्याला मिठी मारली.

ते तिथे पाऊण तास होते. ग्रंथपालबाई खालून सारखं विचारत होत्या, "काही लागलं तर सांगा," आणि वरून छप्परवाले भिंतीत चिणल्यासारख्या आवाजात सांगत होते, "काही नाही, पाहणी चाललीय." पण आढ्याला चिकटल्या चिकटल्या त्यांनी बायकोला कौल बसवायला शिकवलं. चुना किती, उतार कसा, कड कुठे दाबायची. एकदा तर तिचा हात चुकला म्हणून मिठी सोडून त्यांनी स्वतः कड दाबली, आणि मग लक्षात आल्यावर पुन्हा मिठी मारली.

त्यांना उतरवलं ते वहिनींनीच. "डावा पाय खाली."

"कुठला डावा?"

"तुमचा! माझा इथे माझ्याजवळ आहे!"

जमिनीवर पाय टेकल्यावर छप्परवाल्यांनी थापी ग्रंथपालबाईंपुढे धरली. मला वाटलं होतं, लपवतील. पण ते म्हणाले, "बाई, गळती मीच ठेवून गेलो होतो. पाच वर्षांपूर्वी."

बाईंनी चष्मा वर करून थापी निरखली. "पुस्तक असतं तर दंड केला असता," त्या म्हणाल्या.

तिथून ते थेट गवंड्याकडे गेले. मीही गेलो; असं काही चुकवायचं नसतं. छप्परवाल्यांनी चारचौघांत हात जोडले, थापी दाखवली, माझं चुकलं म्हणाले. गवंडी गहिवरला. त्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही एवढ्या मनानं बोललात, तर मीही सांगतो. थापी मी घेतली नव्हती. तुमचा ओळंबा घेतला होता." आणि आत जाऊन घेऊन आला.

आता ती दोघं जोडीनं काम करतात. वहिनी वर, छप्परवाले खाली घडीच्या खुर्चीवर, कॅमेरा तिपाईवर, शर्टाच्या खिशात जादा आठ सेल. अंधाऱ्या खोल्यांचं काम ते घेत नाहीत, भर दुपारचंही नाही. गल्लीतली माणसं हल्ली विचारतात ते "छप्परवाल्या बाई आहेत का?" असं. छप्परवाले पहिल्या मजल्यापर्यंत स्वतः चढतात. त्याच्यावर अजून गुडघाच.

गेल्या हिवाळ्यात मात्र वहिनींना ताप भरला आणि दुमजली घराचं काम तोंडावर आलं होतं. छप्परवाले शिडी घेऊन निघाले. वहिनी शाल लपेटून मागोमाग गेल्या, कॅमेरा घेऊन. नवरा चढतोय याचा पुरावा त्यांना हवा होता. त्यांनी नेम धरला, बटण दाबलं. कॅमेऱ्यानं नेहमीसारखा विचार केला.

दुसऱ्या दिवशी छप्परवाले तो फोटो घेऊन माझ्याकडे आले. फोटोत भिंत होती, शिडी होती, आणि अगदी वरच्या कडेला बुटांचे दोन तळवे.

"मोठा काढून द्या. चौकट लावून."

"अहो, पण यात तुम्ही कुठे आहात? डोकंच आलेलं नाही."

"तेच बरंय," छप्परवाले म्हणाले. "त्या वेळी तोंडावर काय होतं, ते माझं मला ठाऊक."