मोजणीआक्का

आक्कापुढं कुणी ‘लय’ म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. पाऊस लय झाला, लग्नाला माणूस लय आलं, काहीही म्हणा. हातातलं काम टाकून ती विचारायची, ‘‘लय म्हंजे किती? मोजलंस का?’’ सारी वाडी तिला मोजणीआक्का म्हणायची. तोंडावर म्हणायची छाती मात्र कुणाची नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. सातारा-सांगलीच्या शिवेवरच्या एका गावानं राबून, आपला आपण, पाझर तलाव बांधला होता. तो कितपत उपयोगी पडला हे बघायला कराडच्या एका संस्थेनं मला धाडलं. नवी नोकरी, खांद्याला शबनम, तिच्यात छापील प्रश्नावल्या. स्वतःला मी केवढी शहाणी समजत होते! अहवाल चांगला गेला तर माळावरच्या आक्काच्या वाडीलाही तसाच तलाव मिळणार होता. वाईट गेला, तर तिथल्या बायकांची हंडे घेऊन कोसभर पायपीट काही सुटत नव्हती.

आणि आम्ही पोचलो तेव्हा जानेवारीतच तलावात ठणठणाट! बरोबरच्या तपासणीसाहेबांनी काठावरूनच नजर टाकली. म्हणाले, ‘‘लिहा, अयशस्वी.’’ मीही गाढवासारखं लिहून टाकलं.

हे कानावर गेलं तशी आक्का तरातरा माळ उतरून आली. ‘‘बाई, ह्यो काय पोहायचा तलाव हाय व्हय? पाणी मुरावं म्हणून बांधला, त्ये मुरलं. कुठं मुरलं, त्ये इचारा की!’’

‘‘कुणाला विचारू, आक्का?’’

‘‘दोराला.’’

दुष्काळात विहिरींचं पाणी खाली जाईल तसे बायकांनी आपापल्या दोराला तुकडे जोडले होते. आक्कानं गावातल्या एकेकीला विहिरीवर उभं केलं आणि पोहरा सोडायला लावला. पोहरा पाण्याला टेकायचा आणि जोडलेले तुकडे कोरडेच काठावर उरायचे. ते आक्का आपल्या हातानं मापायची, आकडा बायका ओरडून सांगायच्या, मी लिहायची. प्रश्नावल्या शबनममध्येच राहिल्या. एकीनं माप जास्त भरावं म्हणून पोहरा पाण्याच्या जरा वरच धरला, तर आक्का कडाडली, ‘‘नीट सोड गं! खोट्या मापानं आमचा तलाव घालवशील.’’

साहेब तरीही हसले. ‘‘पाऊस चांगला झाला, विहिरी भरल्या. त्यात तलावाचं काय कौतुक?’’ माझं तर तोंडच उतरलं. खरं होतं ना त्यांचं!

‘‘मग चला वर,’’ आक्का म्हणाली, ‘‘आमच्यावर बी त्योच पाऊस पडलाय.’’

वाडीतल्या विहिरीत तिनं स्वतःचा पोहरा सोडला. पहिला दोर संपला, तुकड्यामागून तुकडा आत गेला. पोहरा वर आला तो तळाशी चूळभर गढूळ पाणी घेऊन. आक्कानं तो साहेबांपुढं धरला. साहेबांनी पोहऱ्यात वाकून पाहिलं आणि माझ्यापुढं हात केला, ‘‘द्या तो कागद.’’ ‘अयशस्वी’ हा शब्द त्यांनी स्वतः खोडला.

अहवाल झाल्यावर आक्कानं तो सगळ्यांसमोर मला वाचायला लावला. ‘सर्व विहिरींना लाभ’ असं आलं आणि तिनं हात वर केला. ‘‘सर्व कशाला? तुळसाची हीर खडकात हाय. तिला थेंब न्हाई मिळाला. त्ये बी लिवा.’’ मी म्हटलं, आक्का, आपलीच बाजू लंगडी पडेल. ऐकेल तर शपथ! लिहावं लागलं.

चैत्रात साहेबच मंजुरी घेऊन वाडीवर आले. काय तो दिवस! माळावर ढोल घुमले, गडी धनगरी गजीनाच नाचले, म्हातारे फेटे उडवत होते. आक्कानं साहेबांच्या कपाळाला भंडारा लावला, मग माझ्या. मी सरळ रडत होते, लाजू कशाला? मग माझ्या हातातला अहवाल ओढून घेऊन तिनं त्यालाही भंडाऱ्याची पाची बोटं लावली. ‘‘ह्यो बी राबलाय,’’ म्हणाली.

पुढं माझी बदली झाली, आक्काही गेली. मी ढीगभर अहवाल लिहिले, मोठमोठ्या सभांत वाचले, टाळ्या घेतल्या. भंडारा लागला तो तेवढ्या एकालाच.