रामलिंगआप्पांनी धरलेली जागा

"रुमाल पडला की जागा आपली," असं रामलिंगआप्पा म्हणत, आणि लातूरच्या स्टँडावर चाळीस वर्षं ते खरंही होतं. गाडी लागते न लागते तोच ते खिडकीतून रुमाल टाकत आणि मग सावकाश दारानं चढत. त्या रुमालावर कधी कोणी बसलं नाही.

यंदा त्यांची बायको गंगम्मा शहराच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्यात पडून होती. आप्पांच्या हातची भाकरी-कढी सोडून तिच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. डबा बाराच्या आत पोचवावा लागे. नंतर दरवान आत सोडत नसे.

त्या दिवशी आप्पा डबा घेऊन सिटी बसच्या थांब्यावर आले. मोटारी मावेनात म्हणून रस्ता रुंद केला होता. रुंद झाल्यावर मोटारी आणखी वाढल्या आणि बसच आड येऊ लागली, म्हणून ती रिंग रोडला हलवली. तसा कागद थांब्यावर चिकटवलेला होता, पण त्याच्यापुढं जीप उभी होती.

आप्पा ताटकळले. अकरा वाजले. एवढ्यात एक लांबलचक पांढरी मोटार थांब्याच्या छपरापुढं येऊन लागली. काच उघडी होती. हात सवयीनं उठला, रुमाल आत पडला. पडलेला रुमाल मागं घेणं आप्पांना ठाऊक नव्हतं. ते दार उघडून बसले.

"ओ आप्पा, ही बस न्हाई!" मोटारीचा मालक शिवकुमार ओरडला.

"मंग थांब्यावर कशाला लावलास?"

आप्पांनी डबा मांडीवर नीट ठेवला.

"सात माणसांची गाडी अन् एकलाच फिरायलास, लेकरा. दवाखान्याकडं घे."

तेवढ्यात थांब्यावरची भाजीवाली सरजाबाई मेथीची पाटी घेऊन आत घुसली. "सरका आप्पा. मला पुलाखाली उतरव रं बाबा."

शिवकुमारनं गाडी काढली. चौकात ती अडकली ती अडकलीच. दिवा चारदा हिरवा झाला, चाक हललं नाही. पावणेबारा झाले. दवाखान्याची पाटी समोर दिसत होती.

"थांबव," आप्पा म्हणाले.

"थांबलेलीच हाय की!"

शेजारच्या मोटारीला टेकून दार वीतभर उघडलं. आप्पा वाळके, निसटले. डबा छातीशी धरून ते मोटारींच्या फटीफटीतून चालू लागले. सरजाबाई आणि शिवकुमार काचेतून त्यांचं धोतर दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.