जोतीरामच्या ट्रॅक्टरवरची रडकी गाणी

कन्हेरीच्या जोतीरामचा संसार दृष्ट लागावी असा. पोरं मार्गी लागलेली, ऊस जोमदार, बायको मुक्ताबाई कामाला वाघ. तरी कारखाना सुरू झाला की त्याच्या ट्रॅक्टरवर सकाळपासून एकच रडगाणं: ती सोडून गेली, तिनं दगा दिला, आता जगून काय करू. माळेगावच्या रस्त्यानं उसाचे बाकीचे ट्रॅक्टर नाचायची गाणी लावून धुरळा उडवत जातात. साठीला टेकलेल्या या गड्याची तऱ्हाच निराळी. टपरीवरची टवाळ पोरं विचारायची, "तात्या, कोन गेली सोडून?" तात्या नुसता हसायचा. हसायचं कशाला? सरळ सांगून मोकळं व्हावं. पण नाही.

त्या हसण्यानं मुक्ताबाईच्या डोक्यात किडा शिरला. तिच्या आधी जोतीरामला शेळगावचं एक स्थळ आलं होतं. सुपारी फुटायची तेवढी बाकी, आणि मानपानावरून बैठक उठली. लग्नानंतर सासूनं हे सहज सांगितलं आणि सुनेनं ते जन्मभर जपून ठेवलं. आता तिची खात्रीच पटली. नातवंडं झाली तरी हा बाबा शेळगाववालीसाठी झुरतोय. तिला राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. एवढा संसार आपण दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसून केला की काय, हे तिला एकदा कळायलाच हवं होतं.

एका सकाळी बारामतीत काम आहे म्हणून ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसली. बारामती आली, गेली, ती काही उतरली नाही. जोतीरामनं विचारलं तर म्हणाली, "चला फुडं." कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची लांब रांग लागली होती. इंजिन बंद झालं, गाणं मात्र चालूच राहिलं.

"अवो," ती म्हणाली, "त्या शेळगाववालीची लई सय येती व्हय?"

"कोन शेळगाववाली?"

"सुपारी व्हायची ऱ्हायली, ती."

जोतीराम बराच वेळ आठवत बसला. "तिचं तोंडबी मी धड बगितलं न्हाय," तो शेवटी म्हणाला.

"मग ही गानी कुनासाठी?"

त्यानं गाण्याचा आवाज बारीक केला. "भिमासाठी."

भिमा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. वाटणीच्या वेळी बांधावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. घरं शेजारी शेजारी, पण एकमेकांच्या दारात पाऊल नाही. लग्नाची पत्रिकासुद्धा तिसऱ्याच्या हातानं जाते.

"भावाचं गानं कुठं मिळतं?" जोतीराम म्हणाला. "मी लई हुडकलं. सोडून गेल्याची समदी गानी बाईवरच केल्याली. मग बाईच्या जागी भिमा धरायचा आन् ऐकायचं. काय बिगडत न्हाय."

"आवं, मग जाऊन बोला की त्येंच्यासंगं. हितं गानी ऐकून काय व्हनार?"

"त्यो म्होरं आला की मला बांधच दिसतो. डोस्कं फिरतं." तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. "गान्यात त्यो ल्हान आसतो. माझ्या सायकलवर फुडं बसल्याला. तितं मला त्याचा राग येत न्हाय."

रांग थोडी सरकली. त्यानं ट्रॅक्टर चालू करून पुढं घेतला आणि पुन्हा बंद केला.

खरं तर मुक्ताबाईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. बाई निघाली असती तर तिनं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, सगळं ठरवूनच ती आली होती. पण तिला वाटणीचा दिवस आठवत होता. जावेच्या कटकटीतून एकदाची सुटले म्हणून वेगळ्या चुलीवर तिनं त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या. जोतीराम पानावरून तसाच उठला होता. पोट बिघडलंय म्हणाला होता, आणि तिनं त्याला चिमूटभर ओवा दिला होता.