सुम्ने बस
पेटी उघडली की भात्याच्या जुन्या कातड्याचा वास येतो आणि म्हैसूरला, कुवेंपुनगरातली माझ्या मित्राची गच्ची आठवते. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी गाणी लिहायचो, तो याच पेटीवर त्यांना चाली लावायचा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी केलेल्या गाण्यात ‘सुम्ने बस जरा’ अशी ओळ होती. ‘सुम्ने’ हा शब्द कन्नड, पण आमच्या घरच्या मराठीत ‘उगाच’ म्हणायलाही तोच आणि ‘गप्प’ म्हणायलाही तोच. पुण्याहून आलेले पाहुणे तालमीला बसले होते. ते म्हणाले, “हा शब्द मराठी नाही, बदला.” संध्याकाळी गच्चीवर त्यानं दोन्ही शब्द गाऊन पाहिले. “‘उगाच’ म्हटलं की फुकट वाटतं, ‘गप्प’ म्हटलं की मास्तर ओरडल्यासारखं. बेड रे, नको बदलायला, सुम्नेच राहू दे,” तो म्हणाला, आणि ते गाणं आम्ही मंडळात गायलंच नाही. त्याच वर्षी त्याला कावीळ झाली. दवाखान्यात गेलो तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. “कशाला आलास?” त्यानं विचारलं. “सुम्ने,” मी म्हणालो. तो किंचित हसला, सरकून पलंगावर जागा करत म्हणाला, “मग सुम्ने बस.” अंधार पडेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. तो गेल्यावर त्याच्या आईनं पेटी मला दिली. आज ती पुसता पुसता माझा हात थांबला, तेव्हा बायकोनं आतून विचारलं, “असे का बसलात?” मी म्हणालो, “सुम्ने,” आणि मित्राचं उत्तर येईल म्हणून थांबलो.